निसटलेल्या लिगेचरबद्दल

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचून पोटात कालवलं. स्पेमध्ये, म्हणजे कुत्रीच्या नसबंदीत, तुझ्या हातून लिगेचर, म्हणजे रक्तवाहिनी बांधणारा दोरा, निसटलं. कुत्री वाचली, तरी तुझी झोप उडालीय. मला कळतं. माझ्याही हातून स्पेमध्ये अंडाशयाचं लिगेचर निसटलंय, उजव्याच बाजूचं, आणि तीही अशीच लठ्ठ होती.

दोरा बारीक होता असं तू लिहितोस. मला नाही तसं वाटत. पहिल्या फेऱ्याला सर्जन्स नॉट घातलीस ना? दोनदा पीळ दिला की दोरा दोऱ्यावरच अडतो. हाताला गाठ घट्ट लागते, पण आत चरबीत रक्तवाहिनी मोकळीच राहते. ताण असलेल्या जखमेला ती गाठ गुणाची. पेडिकलला, म्हणजे अंडाशयाच्या रक्तवाहिन्यांच्या देठाला, मी ती केव्हाच सोडली. आता मिलर्स नॉट घालतो. दोरा दोनदा फिरवून टोक वेढ्याखालून काढलं की तो जागचा हलत नाही.

आणि क्लॅम्प, तो रक्तवाहिनी दाबणारा चिमटा! क्लॅम्प बंद असतो तेव्हा पेडिकल पंख्यासारखं पसरलेलं असतं. दोरा कितीही ओढ, मधली वाहिनी दाबली जात नाही. म्हणून गाठ आवळतानाच सहायकाला सगळ्यांत खालचा क्लॅम्प उघडायला सांग. पेडिकल गोळा होतं आणि दोरा त्या चेपलेल्या चरीत रुतून बसतो. दोन्ही टोकं आडवी, सारख्या ताणानं ओढ. एक टोक वर उचललंस की चौकोनी गाठीची सरकगाठ झालीच. पीडीएस (शरीरात विरघळणारा एकधागी दोरा) असेल तर ४-५ फेरे घाल, गुळगुळीत असतो तो.

पेडिकल कापल्यावर लगेच सोडू नकोस. कडेला चिमट्यानं धरून हळूहळू आत जाऊ दे. ताणलेली वाहिनी रक्त दाखवत नाही, सैल पडल्यावरच दाखवते.

माझं लिगेचर निसटलं त्या दिवशी मी रक्तात आंधळेपणानं क्लॅम्प मारत सुटलो होतो. सरांनी मनगट धरलं. जवळच मूत्रवाहिनी असते, ती क्लॅम्पमध्ये सापडली असती तर? त्यांनी ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग) उचलून डावीकडे घेतलं. त्याच्या पडद्यामागे सगळी आतडी बाजूला झाली, किडनी दिसली आणि तिच्या मागच्या टोकाजवळ ते उडणारं पेडिकल. डावीकडे हेच काम उतरत्या कोलननं, म्हणजे मोठ्या आतड्याच्या भागानं होतं. तो क्षण अजून डोळ्यांपुढे आहे.

पुढची स्पे कधी आहे, कळव. मी येतो, क्लॅम्प धरायला.

तुझाच,
मित्र