‘हा इथे कशाला बसलाय?’ : मॅडमना उघड पत्र

आदरणीय मॅडम,

सप्रेम नमस्कार. निवृत्तीच्या दिवशी भाषण नको, शाल-श्रीफळ नको, असं तुम्ही आधीच बजावून ठेवलं होतं. पत्राबद्दल काही बोलला नव्हता, म्हणून ही पळवाट. आणि उघड पत्र अशासाठी, की बंगळुरूच्या आपल्या लॅबबाहेर तुमचं काम नेमकं काय होतं हे फारसं कुणाला ठाऊक नाही. प्रोसेसर किती गिगाहर्ट्झचा, कोअर किती, हे सगळे विचारतात. त्याला वीज कशी पोचते याची चौकशी कुणी करत नाही.

आमचा सर्व्हरचा बोर्ड तेव्हा विचित्र वागत होता. पूर्ण लोड दिला तरी तासन्‌तास चालायचा, रिकामा ठेवला तरी चालायचा. पण एका चाचणीत काम सतत सुरू-बंद, सुरू-बंद व्हायचं, आणि तिथे तो हमखास मान टाकायचा. प्रोसेसरला ठरलेलं व्होल्टेज पुरवणारा रेग्युलेटर बदलून झाला, वीज क्षणभर साठवून ठेवणारे कपॅसिटर वाढवून झाले. तुमची टीम वेगळी, तुमच्या डेडलाइन वेगळ्या. तरी जेवणाचा डबा आवरून तुम्ही आलात आणि बोर्डाकडे न बघता आधी कोरा कागद मागितलात.

त्यावरचा हिशोब चार ओळींचा होता. प्रोसेसर १ व्होल्टवर चालतो. चढउताराला जागा ५ टक्के, म्हणजे ५० मिलिव्होल्ट. करंट एका झटक्यात १०० अँपिअरने वाढणार. भागाकार केला की अर्धा मिलिओहम. प्रोसेसरच्या बाजूने पाहिलं तर वीज देणाऱ्या साऱ्या साखळीचा इम्पीडन्स (बदलत्या करंटला होणारा एकूण अडथळा) त्याच्या वर जाता कामा नये, आणि तोही एखाद्या फ्रीक्वेन्सीला नव्हे, डीसीपासून (म्हणजे शून्यापासून) थेट मेगाहर्ट्झपर्यंत. ‘टार्गेट इम्पीडन्स’ची ही रीत सन मायक्रोसिस्टिम्समधल्या लॅरी स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये व्यवस्थित मांडली, हेही तुम्हीच सांगितलंत. आम्ही सगळे व्होल्टेज धरून बसलो होतो, तुम्ही वेळेबद्दल बोलत होतात. रेग्युलेटरची एक फेज (आळीपाळीने काम करणाऱ्या शाखांपैकी एक) ५०० किलोहर्ट्झला स्विच होत असेल, तर तिची एक फेरी २ मायक्रोसेकंदांची. तेवढ्यात ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरची ६,००० आवर्तनं उरकलेली असतात. रेग्युलेटरला जाग येईपर्यंतची वेळ दुसऱ्या कुणीतरी निभवायची: आधी चिपवरचा कपॅसिटन्स, मग पॅकेजवरचे कपॅसिटर, मग बोर्डावरचे सिरॅमिक, शेवटी मोठे पॉलिमर. (सोसायटीच्या पाण्याच्या टाकीची उपमा तुम्हाला खपत नाही, म्हणून आवरतो.)

मग कॅडमध्ये बोर्डाचं डिझाइन उघडून एकेका कपॅसिटरवर बोट ठेवत तुम्ही विचारत गेलात, “हा इथे कशाला बसलाय?” निम्म्यांचं उत्तर ‘मागच्या बोर्डावर होता’ एवढंच होतं. दोन वेगवेगळ्या मूल्यांचे कपॅसिटर शेजारी बसवले, की एकाचा इंडक्टन्स (करंटच्या बदलाला होणारा विरोध) आणि दुसऱ्याचा कपॅसिटन्स यांचं जमतं आणि अधल्यामधल्या फ्रीक्वेन्सीला इम्पीडन्सचा सुळका उभा राहतो. आमची चाचणी नेमकी त्या सुळक्याच्या तालात सुरू-बंद होत होती. प्रत्येक धक्का छोटा, पण आधीचा विरायच्या आत पुढचा येऊन मिळायचा. भरीला घातलेल्या उत्तम, अत्यल्प ईएसआरच्या (अंगभूत रोधाच्या) सिरॅमिकांनी सुळका आणखी टोकदार केला होता. कमी ईएसआर म्हणजे चांगला कपॅसिटर, हे कॉलेजात घोकून आलेल्या आम्हाला थोडा रोध मुद्दाम ठेवायचा असतो हे पचायला जड गेलं. तुम्ही काही कपॅसिटर काढायला लावलेत, काही बदललेत. कपॅसिटर कमी करून बोर्ड सुधारलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

अर्धा मिलिओहम मोजायचा कसा, हा वेगळाच घोळ. साधा प्रोब तिथे उपयोगाचा नाही, त्याचाच संपर्करोध त्याहून मोठा. एका केबलने करंट सोडायचा, दुसरीने व्होल्टेज वाचायचं. पण दोन्ही केबलींचे ग्राउंड जुळल्यामुळे त्यांच्या जाळीतून वाहणारा करंट खालच्या फ्रीक्वेन्सीला वाचन बिघडवतो. तुम्ही स्वतःच्या ड्रॉवरमधून फेराइटची कडी आणलीत, केबल तिच्यातून वेढे देऊन ओवलीत, जाळीतला तो करंट अडला आणि आलेख सरळ झाला.

लोडलाइनबद्दलही आभार मानायचे आहेत. लोड आला की व्होल्टेज थोडं उतरू द्यायचं, ही मला रेग्युलेटरची कमजोरीच वाटायची. व्होल्टेज मधोमध धरून ठेवलं तर पडायला २५ मिलिव्होल्ट, उसळायला २५; आणि लोड अचानक गेला की रेग्युलेटरच्या इंडक्टरमधला (तारेच्या वेटोळ्यातला) करंट कपॅसिटरांत घुसतो, म्हणजे उसळणार हे नक्की. त्याऐवजी रिकाम्या वेळी वरच्या कडेला आणि पूर्ण लोडला खालच्या कडेला ठेवलं, तर सगळे ५० मिलिव्होल्ट वापरायला मिळतात. वर पूर्ण लोडला वीजही थोडी वाचते. इतकं चतुर काही त्या सपक नावामागे असेल असं वाटलं नव्हतं.

आता आमच्यापुढे मोठं प्रकरण आहे. एनव्हिडियाच्या एच१०० या एआय चिपची एसएक्सएम आवृत्ती ७०० वॅटपर्यंत जाते. १ व्होल्ट धरला तरी ७०० अँपिअर. वाटेत दशांश मिलिओहम रोध असला, तर ४९ वॅट नुसते तांब्यात जळतात. चिपच्या आतही हीच लढाई आहे: इंटेलने १८ए या चिप बनवण्याच्या प्रक्रियेत विजेच्या तारा सिग्नलच्या तारांमधून काढून सिलिकॉनच्या मागच्या बाजूला नेल्या. बोर्डावर आडव्या वाटेने करंट आणणं परवडत नाही, म्हणून रेग्युलेटर थेट प्रोसेसरखाली, बोर्डाच्या पाठीमागे बसवायचा विचार चालू आहे. पण ती जागा आजवर कपॅसिटरांची. त्यांना बाहेर काढलं तर इंडक्टन्स वाढतो, ठेवलं तर रेग्युलेटर मावत नाही. दोन्ही मांडण्यांचे इम्पीडन्सचे आलेख काढून ठेवलेत. दुसऱ्या मांडणीत ३ मेगाहर्ट्झच्या आसपास एक उंचवटा दिसतोय, तो मला खटकतो. सवड झाली की नजर टाकाल का? प्रिंट घेऊन मीच घरी येतो.

तुमची फेराइटची कडी अजून माझ्याकडे आहे. ती मागू नका.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शेजारच्या बाकावरचा