निळ्या दाराच्या मावशी, डबा तुमच्याकडेच राहिलाय

मावशी,

तुम्हाला मराठी येत नाही, तरी हे मराठीतच लिहितेय. ‘थँक यू’ त्या दिवशी पन्नासदा म्हणून झालं, पण मन काही भरलं नाही.

25 ऑगस्ट 2019. नॉटिंग हिल कार्निव्हलचा, म्हणजे लंडनमधल्या कॅरिबियन लोकांच्या रस्त्यावरच्या उत्सवाचा रविवार आणि 33 अंशांचं ऊन. माझी आई साताऱ्याची, तेव्हा 68 वर्षांची, मधुमेहाची. मिरवणूक बघायचीच म्हणून हट्टानं आलेली. तेलाच्या पिंपांपासून केलेले स्टीलपॅन ऐकून म्हणाली, “पत्र्यातून एवढा गोड आवाज?” लेझमीची दोन पावलंही टाकली तिनं. आणि मग लॅडब्रोक ग्रोव्ह या रस्त्यावर तिला घेरी आली.

आमच्याबरोबर ओळखीची चार मराठी कुटुंबं होती. “तुम्ही या सावकाश, आम्ही पुढे जागा धरतो,” म्हणून जी गेली, ती संध्याकाळी व्हॉट्सॲपवरच्या फोटोंतच दिसली. कोपऱ्यावरच्या कॅफेत पाणी मागितलं तर “फक्त गिऱ्हाइकांना.” एका घरावर पाटी, शौचालय पाच पौंड. माझी पैसे द्यायचीही तयारी होती, पण ती रांग! राग अजून गेलेला नाही, खोटं कशाला बोलू.

गल्लीतली दारंखिडक्या गर्दीच्या धास्तीनं प्लायवूड ठोकून बंद. तुमचंच तेवढं निळं दार उघडं होतं आणि तुम्ही बाहेर खुर्ची टाकून भाजलेलं कणीस खात होतात. कोण, कुठल्या, काही नाही. उठलात, आईच्या काखेत हात घालून तिला त्याच खुर्चीत बसवलंत. “शुगर?” एवढंच विचारून आतून जिंजर बीअर आणलीत. ‘बीअर’ ऐकून आईनं तोंड फिरवलं, ते आल्याचं गोड पाणी आहे हे पटवताना माझी पुरेवाट झाली!

पण मला आठवतं ते पुढचं. आईचं लुगडं सुटायला आलं होतं, भर रस्त्यात, आणि घेरीपेक्षा तिला त्याचीच लाज जास्त. ती काही बोलली नव्हती, मलाही कळलं नव्हतं. तुम्हाला कळलं. समोरून चाललेल्या पथकातल्या दोन मुलींना तुम्ही हाक मारलीत. पाठीवर हिरव्या-केशरी पिसांचे हे एवढाले पंख. त्या आल्या, आईकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि पंख पसरले. त्या आडोशात आईनं निऱ्या नीट केल्या.

तेवढ्यात तीन वाजले आणि सगळा रस्ता गप्प झाला. जवळच्याच ग्रेनफेल टॉवर या रहिवासी इमारतीला 2017 मध्ये लागलेल्या आगीत गेलेल्या 72 जणांसाठी 72 सेकंद. आईला कारण ठाऊक नव्हतं, पण तिनं हात जोडले. तुम्ही तिच्या खांद्यावर हात ठेवलात. त्या मुली पंख पसरून तशाच. ऐकू येत होती ती फक्त पिसांची सळसळ.

नंतर तुम्ही सांगितलंत, 1966 ची पहिली मिरवणूक तुम्ही लहानपणी याच भागात पाहिली होती. 1958 च्या दंगलीत गोऱ्या टोळक्यांनी कॅरिबियन लोकांची घरं फोडली, तेव्हा तुमचे वडील रात्र रात्र दाराला टेबल लावून बसत. त्रिनिदादच्या पत्रकार-कार्यकर्त्या क्लॉडिया जोन्सबाईंनी 1959 मध्ये सभागृहात कार्निव्हल भरवला तो त्यानंतरच. ज्या घरानं दाराला टेबल लावून रात्री काढल्या, त्याच घराचं दार त्या दिवशी उघडं होतं. आमची माणसं जागा धरायला गेली होती. असो.

पुढची दोन वर्षं कोविडमुळे रस्त्यावर कार्निव्हल झालाच नाही. त्यानंतर एका रविवारी तुम्हाला शोधत आले. पण सगळ्याच दारांवर प्लायवूड, निळं कुठलं ते ओळखायचं कसं?

आईनं निघताना शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा तुमच्या हातात दिला होता, झाकणावर तिचं नाव कोरलेला. ऑगस्ट आला की फोनवर विचारते, “ती बाई भेटली का गं?” आणि वर बजावते, “डब्याची घाई करू नकोस तिला.”

तुमची,
साताऱ्याच्या आजींची मुलगी