बाळू, शंका घे, पण जागा बघून

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय बाळू,

निफाडचा पारा घसरल्याची बातमी वाचलीस आणि मुद्दाम फोन करून "कुठाय रे तुझी तापमानवाढ?" म्हणून खो-खो हसलास. फोनवर तुझ्यापुढे कोणाचं काही चालत नाही, म्हणून हे पत्र.

निफाडच्या मळ्यात एका पहाटे किती गारठा पडला, यावरून जगाची सरासरी ठरत नाही. २०२४ साली ती सरासरी १८५०-१९०० च्या मानाने सुमारे दीड अंश वर होती. तुझा दुसरा लाडका मुद्दा सूर्याचा. अरे, सूर्यच जास्त तापत असता तर वातावरणाचे वरचे-खालचे सगळे थर तापले असते. उपग्रहांच्या मोजणीत खालचा थर तापतोय आणि वरचा, स्ट्रॅटोस्फिअर, थंड होतोय. हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की असंच व्हायला हवं. तेव्हा या बाबतीत तुझं-माझं जमायचं नाही.

साडूची द्राक्षबाग तू पाहिली आहेस. २०२५ साली मे महिन्यातच पाऊस आला. २६ मे रोजी मान्सून मुंबईतसुद्धा पोचला होता. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर काडीत घड तयार होतो, तेव्हा त्याला ऊन हवं असतं. तेच मिळालं नाही. ऑक्टोबर छाटणीनंतर वेली फुटल्या, पानं झकास, आणि घड जिरलेले, म्हणजे धरलेच नाहीत. साडू काडी हातात धरून नुसता बघत राहिला. आता एका वर्षावरून हवामानबदल सिद्ध होत नाही, हे मलाही कळतं. निफाडच्या थंडीला जो न्याय, तोच याला.

पण हरित धोरणांवर तू तोंडसुख घेतोस ना, तिथे मी तुझ्याच पंगतीला. इथेनॉलचं बघ. पेट्रोलमध्ये २० टक्के मिश्रणाचं २०३० चं लक्ष्य अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठलं. लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. मग जुन्या स्कूटरवाल्याच्या अॅव्हरेजचा विचार कोणी केला? उसाला पाणी किती लागतं ते वेगळंच. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून उसाच्या रसापासून इथेनॉल करायला एकाएकी मनाई आली, आणि त्याच सुमारास कांद्याची निर्यातबंदीही. लासलगावात लिलाव बंद पडले. रातोरात फिरणाऱ्या धोरणावर कारखाना तरी कसा उभारायचा, आणि शेतकऱ्याने काय पेरायचं?

विजेच्या गाड्यांचा डांगोराही तसाच. आपल्याकडे दहातली सात युनिटं आजही कोळशावर निघतात. एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या दिसतात ना, त्यांचाच धूर गाडीच्या बॅटरीत. गाडी वाईट नाही, पण "शून्य प्रदूषण" असा स्टिकर लावून मिरवू नये. आणि सिंहस्थासाठी तपोवनातली झाडं तोडायचं निघालं, तेव्हा हिरवाईची भाषणं करणारे कुठे होते, ते विचारू नकोस.

माझ्या गच्चीवरचं सोलर घे. तीन किलोवॅट, केंद्राचं ७८ हजारांचं अनुदान, बिल खरंच उतरलं. मे महिन्यात भर दुपारी लाइट गेली. डोक्यावर रणरणतं ऊन आणि घरात पंखा बंद! शेजारच्या काकू कठड्यावरून म्हणाल्या, "मग एवढा खर्च कशाला केलात?" ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या विजेच्या तारांना जोडलेला, इन्व्हर्टर असेल तर बाहेरची वीज गेली की तो आपोआप बंद होतो, नाहीतर तारेवर चढलेल्या वायरमनला झटका बसेल. नियम चोखच आहे. पण विकणाऱ्याने गोड गोड बोलताना यातलं अवाक्षर काढलं नव्हतं.

म्हणून सांगतो, शंका घेच. पण योजनेत भोंगळपणा आहे म्हणून विज्ञान खोटं, अशी उडी मारू नकोस. त्या उडीचा फायदा भोंगळ कारभार करणाऱ्यांनाच होतो. खरे प्रश्न विचारणारा माणूस त्यांना मग सहज वेड्यात काढता येतो.

तुझ्या सोसायटीचं सोलरचं कोटेशन आलंय म्हणालास. सही करण्याआधी मला पाठव. बॅटरी धरली आहे की नाही, आणि उरलेल्या युनिटांचा हिशेब कसा होणार, एवढं कोटेशन देणाऱ्याकडून लिहून घे. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
गंगापूर रोडवाला