लोदहून पत्र: दहा माणसं, एक सेफेर आणि मलिद्याचं ताट

लोद, इस्राएल
तेवेथ महिना

तीर्थरूप काका आणि काकी यांना शालोम व नमस्कार.

काका, तुम्ही तीन गोष्टी विचारल्या होत्या. मशिदीत दहा पुरुष भरत नाहीत तेव्हा काय म्हणायचं आणि काय गाळायचं. पावसाळ्यानंतर सेफेरला, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळीला, कुबट वास येतो त्याचं काय करायचं. आणि तू बिश्वातच्या (झाडांच्या सणाच्या) मलिद्याला, म्हणजे गोड पोह्यांच्या ताटाला, पोरं म्हणतात मराठी गाणी कमी करा, तर त्यांचं ऐकायचं का. इथल्या हजानांना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) आणि एका सोफेरला (सेफेर लिहिणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्याला) विचारून लिहितो. (इथल्या नातवंडांना ‘मशीद’ म्हटलं की दचकायला होतं. आपली बेने इस्राएल मंडळी, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, सिनेगॉगला पिढ्यान् पिढ्या मशीदच म्हणत आली, हे दर वेळी समजावावं लागतं.)

आधी मिन्यान, म्हणजे प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष. माणसं मोजताना डोकी मोजायची नाहीत, ‘होशिआ एथ अम्मेखा’ ही ओळ म्हणायची. तिच्यात बरोबर दहा शब्द आहेत, माणसागणिक एक शब्द. शेवटचा ‘हाओलाम’ कुणाच्या वाट्याला आला नाही तर मिन्यान नाही. मग बारेखू, कद्दिश, कदुशा या प्रार्थना, अमिदाची (उभ्याने म्हणायच्या मुख्य प्रार्थनेची) हजानाने करायची पुनरावृत्ती आणि सेफेर काढून वाचणं, एवढं गळतं. बाकी सगळं राहतं. शुक्रवारी रात्रीची मिज्मोरं (स्तोत्रं), ‘लेखा दोदी’, शेमा आणि त्याच्या बेराखा (आशीर्वचनं), मनातल्या मनात अमिदा, नंतरचं ‘वायखुल्लू’, हे एकट्यालाही म्हणता येतं. ‘वायखुल्लू’च्या पुढची ‘मागेन आवोथ’ ही छोटी बेराखा मात्र दहांशिवाय नाही. ती सवयीने तोंडात येते आणि नेमकी तिथेच चूक होते. एलुल महिन्यातल्या सलिहोथना (क्षमेच्या प्रार्थनांना), जुनी माणसं ज्याला रमजान म्हणायची त्या महिन्यात, देवाचे तेरा गुण एकट्याने म्हणायचे झाले तर प्रार्थनेसारखे म्हणायचे नाहीत, तोरा वाचतात त्या चालीवर वाचायचे. अरामी भाषेतले तुकडेही सोडून द्यायचे.

दहा होते आणि मध्येच दोघे-तिघे उठून गेले, तर चालू केलेला भाग पुरा करता येतो, पण निदान सहा जण उरले पाहिजेत. झूमवरचा माणूस दहांत धरत नाहीत. त्याने ऐकून ‘आमेन’ म्हणावं, तेवढं चालतं.

आता खरी अडचण. महिन्यातून एक शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) ठरवा आणि मुंबई-ठाण्याच्या मंडळींना बोलवा, असा सल्ला तुम्हाला पुष्कळांनी दिला असेल. कागदावर तो छान दिसतो. पण शब्बाथला गाडीत बसता येत नाही, म्हणजे माणूस शुक्रवारी दुपारीच पोचला पाहिजे आणि शनिवारी तारे दिसेपर्यंत राहिला पाहिजे. सात-आठ जणांची अंथरुणं, शुक्रवारीच शिजवून ठेवलेलं जेवण, पाणी, सगळं आलं. वर्षातून दोन-तीनदा जमेल, दर महिन्याला नाही जमणार, आणि जमत नाही म्हणून लोक ओशाळून येणंच बंद करतात. त्यापेक्षा सोमवार-गुरुवार धरा. त्या दोन्ही सकाळी तोरा वाचतात, तिघांना बोलावतात, वाचन आखूड असतं आणि प्रवासाला बंदी नसते. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर यांतली कुठली सुट्टी सोमवारी किंवा गुरुवारी येते ते कॅलेंडरात बघा. रोश होदेश (हिब्रू महिन्याची सुरुवात) रविवारी आला तर आणखी उत्तम, त्या दिवशी चौघांना अलिया (तोरा वाचनाला बोलावण्याचा मान) मिळते. सकाळची अमिदा दिवसाच्या पहिल्या तिसऱ्या हिश्शात व्हायला हवी, म्हणून हिवाळ्यात साडेदहाच्या पुढे जाऊ देऊ नका. उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो, तेव्हा दहाच धरा. मांडव्याच्या बोटीची वाट बघत बसलात तर वेळ हातची जाऊ शकते. दोघा-तिघांना आदल्या रात्रीच बोलावून ठेवा.

सेफेरबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण तिथे घाई केली की नुकसान होतं. सेफेरमध्ये 3,04,805 अक्षरं असतात. त्यातलं एक जरी तुटलं, पुसलं किंवा शेजारच्याला चिकटलं तरी तो वाचायला चालत नाही. त्याचा कागद म्हणजे शेवटी कातडंच. कोकणातल्या दमट हवेत ते पाणी ओढून फुगतं, ऑक्टोबरच्या उन्हात आकसतं, आणि वरची शाई काही त्याच्याबरोबर ताणली जात नाही, ती पापुद्र्यासारखी सुटते. घट्ट गुंडाळलेल्या सेफेरला हे जास्त होतं. वर्षभर जो भाग आतल्या बाजूला दाबून राहतो, तिथली अक्षरं आधी जातात. वास आला म्हणून तो उन्हात धरायचा नाही, अत्तर किंवा डांबराच्या गोळ्या लावायच्या नाहीत, पुसायला ओला बोळा तर मुळीच घ्यायचा नाही. कोरड्या दिवशी, सकाळी दहा ते चार, सावलीत, पंखा भिंतीकडे वळवून, टेबलावर पांढरी चादर पसरून थोडा थोडा उलगडायचा. दोन माणसं लागतात, दोन्ही दांड्यांना एकेक. उघड्या हाताने अक्षरांना शिवायचं नाही, घाम लागतो. एका दिवसात सगळा उलगडायचा हट्ट नको. तीन-चार दिवस घ्या आणि परत गुंडाळताना सैलसर गुंडाळा.

हेखालमध्ये (सेफेर ठेवायच्या कपाटात) आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवा, ऑनलाइन स्वस्तात मिळतं. काटा 45 ते 55 टक्क्यांत राहिला तर निर्धास्त, 65 च्या वर गेला तर बुरशीची भीती. सिलिका जेलच्या पुड्या कापडी पिशवीत घालून कोपऱ्यात ठेवायच्या, सेफेरला लागता कामा नयेत, आणि रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर सुकवून परत ठेवायच्या. प्लॅस्टिकच्या पिशवीत सेफेर कधीच गुंडाळू नका. आत ओल कोंडते आणि पांढरी बुरशी येते, ती काढताना अक्षरं निघून येतात.

वाचता वाचता चूक सापडली तर तिथेच थांबायचं, दुसरा सेफेर काढायचा आणि त्याच ठिकाणापासून पुढे वाचायचं. एकच सेफेर असेल तर काय करायचं यावर मतं वेगवेगळी आहेत, म्हणून आत्ताच एखाद्या जाणत्याला विचारा आणि उत्तर लिहून हेखालच्या दाराला आतून चिकटवा. त्या क्षणी वाद घालत बसलं की लोक उठून जातात. चुकलेल्या सेफेरच्या पेटीला बाहेरून पट्टा बांधून ठेवायचा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी तोच काढणार नाही. हाताने सुधारायचा नाही. सोफेरशिवाय कुणी शाई लावली तर तो दुरुस्त होत नाही, आणखी बिघडतो.

यात एक गमतीची रीत आहे. एखादं अक्षर ‘वाव’ आहे की ‘योद’ अशी शंका आली तर लहान मूल आणून त्याला विचारतात. मूल असं हवं की ज्याला अक्षरओळख आहे, पण शब्दाचा अर्थ लावून अंदाज करता येत नाही. जुन्या ग्रंथांत लिहिलंय, ना फार शहाणं ना अगदी येडं. म्हणजे सेफेर तपासायलासुद्धा मशिदीत अलेफ-बेथ (हिब्रू मुळाक्षरं) येणारं एक तरी पोर लागतं. मशिदीत पोरं का हवीत हे कमिटीला पटवायला याहून सोपं कारण मला सापडलं नाही.

पोरांच्या शिकवणीबद्दल. बार मित्झ्वाच्या (तेराव्या वर्षी पहिल्यांदा तोरा वाचायच्या विधीच्या) मुलाला नऊ ते बारा महिने द्या, तीन महिन्यांत उरकू नका. इथेही होणारी नेहमीची चूक अशी की मुलाला त्याच्या वाट्याच्या ओळींचं रेकॉर्डिंग देतात, तो ते पाठ करतो, दिवस गोड होतो आणि दुसऱ्या शब्बाथपासून त्याला काही येत नाही. ओळी पाठ करून घेण्याऐवजी अक्षरांवरच्या सुरांच्या खुणा शिकवा. खुणा आल्या की कुठलाही पाराशा (तोराचा आठवड्याचा भाग) वाचता येतो. लोदमधले एक जण शिकवायला तयार आहेत. तुमच्याकडे रविवारी रात्री आठ, म्हणजे आमच्याकडे हिवाळ्यात साडेचार आणि उन्हाळ्यात साडेपाच. रविवार इथे कामाचा दिवस, म्हणून वेळ अशी लिहून ठेवा. घड्याळ बदलतं त्या आठवड्यात हमखास घोटाळा होतो. आणि एकाला नव्हे, दोघांना शिकवा. एक हजान आजारी पडला किंवा हैफाला गेला की मशीद बंद पडते.

बायकांना मिन्यानमध्ये धरायचं का, हा प्रश्न काकींनी विचारलाय असं कळलं. तो काही आजचा नाही. डॉ. जेरुशा झिराड यांनी मुंबईत ज्यूइश रिलिजस युनियन 1925 मध्ये काढली, तेव्हापासून आपल्याकडे दोन्ही वाटा आहेत. तुमची मशीद जुन्या रीतीची आहे, तिने दहा पुरुषच धरावेत. पण गब्बाईचं काम, म्हणजे पैसे आणि हिशेब, बाईने करू नये असं कुठल्याच रीतीत लिहिलेलं नाही, आणि गावातली वही सध्या कोण सांभाळतं ते आपल्याला ठाऊक आहे. मग तिचं नाव कमिटीच्या पाटीवर लिहा की.

आता मलिदा. पोरांचं म्हणणं असं की प्रार्थना हिब्रूत, मग गाणी मराठीत कशाला? माझं मत उलटं आहे. हिब्रू प्रार्थना मोरोक्कोचा, येमेनचा, पोलंडचा ज्यू म्हणणारच आहे. ती आपण नाही म्हटली म्हणून जगातून जाणार नाही. एलियाहू हन्नाबीच्या (संदेष्टा एलियाच्या) नावाने पोह्यांचं ताट मांडून मराठीत गाणं फक्त बेने इस्राएल करतात. वेळ कमी पडला तर अध्यक्षांचं भाषण कापा.

पण पोरांना मराठी वाचता येत नाही हेही खरं, निदान इथे तरी. आम्ही आधी गाणी हिब्रू अक्षरांत लिहून वाटली, तर नवेच घोटाळे झाले. ‘मलिदा’ हिब्रूत मेम, लामेद, योद, दालेत, हे असं लिहिलं की पोरं ‘मिलेदा’ वाचतात, म्हणजे ‘जन्मापासून’! ‘चमचा’तला च त्सादीने झकास उतरतो, ‘चिंच’मधल्या चला मात्र त्सादीशेजारी छोटी तिरकी रेघ द्यावी लागते, आणि ‘ळ’ला अक्षरच नाही. शेवटी मात्रांच्या खुणा घालून मोठ्या टायपात चारच ओळी छापल्या, बाकी गाणं म्हाताऱ्यांचं आणि धृपद पोरांचं. ते जमलं. तुमच्याकडे देवनागरी वाचता येतं, तुमचं काम निम्मं झालं आहे.

काकी, पंचवीस माणसांसाठीचं प्रमाण लिहितो, कारण नव्या सुनेने विचारलं होतं. जाड पोहे एक किलो, दोन मोठे नारळ, साखर 350 ते 400 ग्रॅम, वेलदोड्याची पूड दोन चमचे, जायफळ चिमूटभर, काजू-बदाम-बेदाणे पाव किलो. पोहे दोनदा धुऊन चाळणीत पंधरा मिनिटं निथळायचे, भिजत घालायचे नाहीत. नारळ आधी मिसळा. साखर ताट मांडायच्या अर्धा तास आधी, कारण तिला पाणी सुटतं आणि तासाभरात लगदा होतो. इथे फ्रोझन खोबरं मिळतं, ते पिळून घेतलं नाही तर तोच प्रकार होतो.

ताटाभोवती पाच प्रकारची फळं, मध्ये गुलाब किंवा सबज्याची डहाळी. ‘एलियाहू हन्नाबी’ आणि ‘वेयित्तेन लेखा’ झालं की बेराखा. खजूर पहिला, कारण तो तोरातल्या सात प्रकारांपैकी. त्याच बेराखात सफरचंद, संत्रं, चिकू आले. केळं आणि अननस झाडाचं फळ धरत नाहीत, त्यांना ‘बोरे पेरी हा-अदामा’, म्हणजे जमिनीच्या फळाची बेराखा. सगळ्यांत जास्त चूक केळ्यावर होते. सुवासाची बेराखा निराळी. पोह्यांवर कुठली म्हणायची ते तुमच्या हजानांना विचारा, नुसते भिजवलेले की शिजवलेले यावर मत बदलतं. इथे आम्हाला एक काम जास्त असतं: अंगणातलं फळ ताटात ठेवण्याआधी त्याचा दशमांश काढावा लागतो. तुमच्या वाडीतल्या चिकूला ती कटकट नाही.

अलिबागजवळच्या खंडाळ्याला जाणाऱ्यांना एक निरोप द्या. एलियाहूच्या खडकाजवळ प्लॅस्टिकच्या पत्रावळी नकोत. मागच्या वर्षीचे फोटो इथे सगळ्यांनी पाहिलेत.

माझं एक मागणं आहे. तुमच्या म्हाताऱ्या हजानांच्या आवाजातली दारफाळणीच्या सणाची (योम किप्पुरची) संध्याकाळची चाल आणि नव्याच्या सणाची (नव्या वर्षाची) चाल फोनवर रेकॉर्ड करून पाठवा. शब्बाथला नको, मंगळवार-बुधवारी करा. पंखा बंद करून, फोन टेबलावर हातभर अंतरावर ठेवून, एक चाल एका फाइलमध्ये, आणि सुरुवातीला त्यांनी स्वतःच्या तोंडाने चालीचं आणि गावाचं नाव सांगावं. सेफेरचे जे दोन रकाने खराब वाटतात त्यांचे फोटोही पाठवा, फ्लॅश न लावता, खिडकीच्या उजेडात. सोफेर पाहायला तयार आहेत. आणि कुणी इकडे येणार असेल तर सबज्याचं बी पुडीभर द्या, इथलं उगवतं पण त्याला वास नाही.

तुमचा पुतण्या