संधिवात, दिवस गेलेले आणि रक्तातल्या साखळ्या

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

पाचवा महिना लागल्यापासून सकाळी बोटं आखडत नाहीत, मग संधिवात गेला का, असं तू विचारलंस. नाही गं, गेलेला नाही. पण तुला वाटतो तो आराम खरा आहे, आणि त्याच्या खुणा रक्तातही उमटतात. मी आयुष्यभर जैवरसायन शिकवलं, म्हणून तुला हे नीट सांगावंसं वाटतं.

आपल्या रक्तद्रवातल्या बहुतेक प्रथिनांवर शर्करांच्या फांद्या असतात. त्यांना ग्लायकन म्हणतात. ग्लुकोमीटरवर दिसते ती साखर वेगळी. तेव्हा चहातली साखर सोडून या फांद्या सुधारतील, असं मनात आणू नकोस. त्या पेशीच्या आत, प्रथिन तयार होतानाच जोडल्या जातात.

शरीरात दाह, म्हणजे प्रतिकारशक्तीमुळे येणारी सूज, सुरू झाला की ही जोडणी बदलते. यकृत अल्फा-१ ॲसिड ग्लायकोप्रोटीन नावाचं प्रथिन कितीतरी जास्त बनवू लागतं. त्याचं जवळपास ४५ टक्के वजन शर्करांचंच असतं. दाहात त्याच्या फांद्यांची ठेवणही बदलते, आणि पांढऱ्या पेशींना रक्तवाहिनीच्या भिंतीला धरायला मदत करणारी एक खास रचना त्यांच्या टोकांवर वाढते.

तुझ्या आजाराशी जास्त जवळचा बदल मात्र प्रतिपिंडांवरचा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या प्रथिनांवरचा. आयजीजी या प्रतिपिंडाच्या दोन्ही जड साखळ्यांवर (म्हणजे त्याच्या दोन मोठ्या प्रथिन-धाग्यांवर), २९७ क्रमांकाच्या जागी, एकेक ग्लायकन बसलेलं असतं. निरोगी माणसात त्याच्या टोकाशी बहुधा गॅलॅक्टोज ही शर्करा असते, कधी त्याच्याही पुढे सियालिक ॲसिड ही आणखी एक शर्करा. ऱ्हुमॅटॉइड संधिवातात गॅलॅक्टोज नसलेल्या आयजीजीचं प्रमाण वाढतं. हे १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जपानी सहकाऱ्यांसोबत ‘नेचर’मध्ये दाखवलं. पुढे असंही दिसलं की हा बदल काही जणांत सांधे दुखायला लागण्याच्या आधीपासूनच असतो. म्हणून सांगते, तू काही चुकीचं खाल्लंस किंवा काम जास्त केलंस म्हणून हे झालं, असं स्वतःला लावून घेऊ नकोस.

गरोदरपणात हेच गॅलॅक्टोज पुन्हा वाढतं, आणि अनेकींचा संधिवात याच काळात शांत होतो. फक्त गॅलॅक्टोजमुळे आराम पडतो असं मी म्हणणार नाही. या काळात संप्रेरकं आणि प्रतिकारशक्ती दोन्ही बदलतात. पण दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतात हे नक्की. आणि बाळंतपणानंतर पुढच्या काही महिन्यांत गॅलॅक्टोज उतरतं, तसा बऱ्याच जणींचा आजार उसळतो. मला काळजी आहे ती त्या महिन्यांची.

आयजीजी रक्तात साधारण तीन आठवडे टिकतं, त्यामुळे हा बदल हळूहळू होतो. सीआरपी हे दाह दाखवणारं रक्तातलं प्रथिन मात्र काही तासांत वर जातं, आणि तुझे डॉक्टर तेच बघतील. या ग्लायकनची तपासणी नेहमीच्या उपचारात होत नाही, ती करून घ्यायच्या मागे लागू नकोस.

मेथोट्रेक्सेट हे तुझं संधिवाताचं औषध बंद केलंय ते बंदच राहू दे. दुखलं तरी जुन्या पट्टीतली गोळी घेऊ नकोस, गरोदरपणात ती बाळाला घातक आहे. अंगावर पाजत असताना कोणती औषधं चालतात, हे संधिवाताच्या डॉक्टरांना आताच विचारून लिहून घे, आणि बाळंतपणानंतरची तारीखही आताच ठरव. बाळ झाल्यावर तुला फोन करायलाही वेळ मिळणार नाही. मी पहिले काही महिने येऊन राहते. मनगट दुखायला लागलं तर लपवू नकोस, त्याच दिवशी सांग.

तुझी,
आई