त्या रात्री माझ्या कानाला लावलेल्या स्टेथोस्कोपसाठी

काका,
साष्टांग नमस्कार.

उदगीर तालुक्यातल्या आमच्या गावच्या जनावरांच्या श्रेणी-२ दवाखान्यात तुम्ही पशुधन पर्यवेक्षक होतात. सगळं गाव तुम्हाला डॉक्टर म्हणायचं आणि तुम्ही दर वेळी, "डॉक्टर तालुक्याला असतात," असं सांगायचात. आज जनावरांच्या अतिदक्षता विभागात मी जे काम करते, ते तुमच्यामुळे. हे सगळ्यांसमोर सांगावंसं वाटलं.

मी दहावीत होते. आमची संकरित गाय तिसऱ्यांदा व्यायली आणि दुसऱ्या रात्री खाली बसली ती उठेचना. मान कुशीकडे वळलेली, कान गार. शेजारचे आबा ओवा-तेल पाजायला बांबूचं नळकांडं घेऊन आले होते. तुम्ही आल्या आल्या आधी ते बाजूला ठेवायला लावलंत. "तिला गिळता येत नाही, फुफ्फुसात जाईल." आडवी पडली तर पोट फुगेल म्हणून चौघांनी तिला छातीवर नीट बसतं केलं, दोन्ही अंगांना सोयाबीनच्या भुसकटाची पोती लावली. तुम्ही डॉक्टरांशी फोनवर बोललात. दुग्धज्वर. नावात ज्वर, पण अंग गार पडतं. रक्तातलं कॅल्शियम एकदम दुधात उतरतं म्हणून गाय अशी बसते, हे तुम्ही शीर शोधता शोधता मला समजावलंत.

मग स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावलात. डाव्या कोपरामागे त्याचं टोक धरायला लावलंत. "कान सोडू नको, पोरी. ठोका चुकला की लगेच सांग." कॅल्शियम भरभर गेलं तर हृदय थांबू शकतं, म्हणून बाटली थेंबाथेंबानं. अर्धी झाली असेल, मला ठोका अडखळल्यासारखा वाटला. मी ओरडले. तुम्ही काही न विचारता उंच धरलेली बाटली खाली घेतलीत. एका शाळकरी पोरीच्या कानावर तुम्ही विश्वास ठेवलात, काका. थोड्या वेळानं गाय थरथरली, ढेकर दिली, शेण टाकलं आणि पहाटे उठून उभी राहिली.

पुढे मी पशुधन पदविका केली. आता पुण्यात रात्रपाळीला असते. इथे कुत्री-मांजरं जास्त. निदान आणि उपचार डॉक्टर ठरवतात. सलाईन, ऑक्सिजन, दर थोड्या वेळानं श्वास मोजणं, हिरडी दाबून रंग दोन सेकंदांत परततो का ते पाहणं, हे माझ्याकडे. जनावर बोलत नाही, त्यामुळे आधी कळतं ते जवळ बसलेल्यालाच. अमेरिकेत या कामाची स्वतंत्र अकादमी 1996 पासून आहे. तिच्या परीक्षेआधी तीन वर्षांचा, म्हणजे 5,760 तासांचा अनुभव लागतो. मी ती दिलेली नाही. पण हे वाचलं तेव्हा माझा पहिला तास आमच्या गोठ्यातलाच मी मोजला.

बाबांनी त्या रात्री काढलेले पैसे तुम्ही घेतले नाहीत. "कालवडीला पेंड आणा," म्हणालात. ती कालवड आता स्वतः दुसऱ्यांदा व्यायलीय. तुमची बदली कुठे झाली ते कळलं नाही. हे वाचलंत तर आईला फोन करा, नंबर तोच आहे. खरवस राखून ठेवलाय.

तुमची,
गोठ्यातली पोरगी