वाघाची रात्रपाळी

लालबाग, रविवार रात्र

प्रिय सुन्या,

तू म्हणालास ना की नुसते अंगठे पाठवू नकोस, बसून नीट काहीतरी लिही, मग घे आता. पाय दुखतायत, आई आत झोपलीय, आणि आज दिवसभर राणीच्या बागेत होतो. धाकट्या भावाला नाशिकला कुणाच्यातरी लग्नाला जायचं होतं, त्यामुळे त्याची चिऊ दोन दिवस आमच्याकडे, आणि सकाळी उठल्या उठल्या "मोठ्या काका, पेंग्विन". आई म्हणाली मी पण येते, मला पण बघायचेत ते कोटवाले. म्हणून टॅक्सी केली, लालबागवरून भायखळ्याला टॅक्सी, बाबा असते तर हसले असते.

टिकीट आता मोठ्यांना 50, पोरांना 25. आधी पाच रुपयांत जायचो रे आपण. दोघं मोठे आणि दोन पोरं असतील तर 100 मध्ये सगळी फॅमिली, म्हणून रांगेत आमच्या पुढचा एकजण मागच्याचं पोरगं उधार मागत होता, शप्पथ.

खरं सांगू का, प्राणी बघायला म्हणून गेलो पण मी बघितली माणसं. तिथं उभं राहून कान उघडे ठेवले ना की कळतं, कुणी प्राण्यांबद्दल बोलतच नाही, सगळे आपापल्या घरचं बोलतात.

पेंग्विनचंच बघ. आत गेल्या गेल्या असा गारवा की घामाचं अंग शहारलं, 16 ते 18 अंशांत ठेवतात त्यांना. काचेसमोर ही गर्दी, आणि पेंग्विनपेक्षा जास्त चर्चा लाईट बिलाची. एक बाई नवऱ्याला म्हणतात, "बघा, यांना चोवीस तास एसी, आणि मी गेल्या मे महिन्यापासून कूलर मागतेय." नवरा काचेत बघत राहिला, पेंग्विनकडेच बघत असेल असं मानू. मागून एक काका, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, "बर्फातला पक्षी आणून मुंबईत ठेवलाय, पाप आहे हे." आता मला राहवतंय होय? मी म्हटलं, काका, हे बर्फातले नाहीत, हंबोल्ट जातीचे आहेत, पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावरचे. तिथली जमीन उलट रखरखीत, वाळवंटच, फक्त समुद्रात थंड पाण्याचा प्रवाह वाहतो आणि मासळी भरपूर, म्हणून हे तिथे राहतात. काका म्हणाले, "मग आपल्याकडे पण मासळी आहेच की," आणि तिथून विषय बांगड्याच्या भावावर गेला तो गेलाच. पापाचा मुद्दा तिथंच राहिला. तसा तो अगदीच खोटा नाही बरं का. 2016 ला कोरियातल्या सोलवरून आठ आणले होते, त्यातला एक काही महिन्यांतच गेला. आणि 2018 च्या पंधरा ऑगस्टला भारतात जन्मलेलं पहिलं पिल्लू इथंच झालं, ते पण आठवड्याभरात गेलं. नंतरची जगली म्हणा. पण काचेपलीकडे ते सुळकन पाण्यात जातात ना, तेव्हा सगळी गर्दी एका सुरात "आई गं" म्हणते, काका पण म्हणाले.

मग पाणघोडा. तिथं मात्र आम्ही अर्धा तास होतो कारण चिऊ हलायलाच तयार नाही. तुला माहितीय का, पाणघोडा शी करताना शेपूट पंख्यासारखी गरागरा फिरवतो आणि सगळीकडे उडवतो, आपली हद्द दाखवायला. नेमकं ते झालं आणि पन्नासेक माणसं एकदम खिदळली, पोरं तर लोळायचीच बाकी होती. एक कॉलेजची मुलगी मैत्रिणीला म्हणाली, "आमचे सर पेपर वाटतात असे." दुसरीकडे एक आजोबा काळजीत, त्याच्या अंगावर लालसर काहीतरी दिसतंय, रक्त येतंय का, कुणाला तरी बोलवा. ते रक्त नसतं, त्याच्या कातडीतून तसला लालसर चिकट द्रव येतो, उन्हापासून वाचायला. हे मी चिऊला सांगितलं तर ती म्हणते, म्हणजे आईचं सनस्क्रीन. झालं, आता नाशिकवरून आल्यावर वहिनीला पाणघोड्याची उपमा मिळणार आणि नाव माझं येणार.

आता मेन गोष्ट. वाघ.

2020 मध्ये संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातून जोडी आणलेली, मग इथंच पिल्लं झाली. आता पिंजरा नाही, मोठी मोकळी जागा आणि बघायला जाड काच. आम्ही पोचलो तेव्हा वाघ काचेपासून लांब सावलीत पसरलेला, पोट वरखाली होतंय तेवढंच. काचेला नाकं लागलेली, मोबाईल वर, आणि सगळ्यांचं एकच, उठव ना त्याला. एक गृहस्थ, पोरगा खांद्यावर, काचेवर थापा मारतोय. गार्डने शिट्टी मारली की थांबायचा, गार्ड वळला की परत. "पन्नास रुपये दिलेत, उठायला काय जातं?" असं मोठ्यानं, आणि दोनचार लोक हसले पण.

आई माझ्या मागे कठड्याला धरून उभी होती. ती पुढे झाली, त्याच्या दंडाला हात लावला आणि म्हणाली, "अहो भाऊ, रात्रपाळीचा आहे तो. झोपू द्या."

त्याला कळेचना काय बोलावं. आई म्हणते, वाघ रात्रीचा हिंडतो ना, मग दिवसा झोपणार नाही तर काय करणार. आमच्या घरात पण होता एक, तिसऱ्या पाळीवरून यायचा मिलमधून आणि दहा बाय दहाच्या खोलीत भर दिवसा झोपायचा, तीन पोरं घरात, पण मी कुकरची शिट्टी पण होऊ द्यायची नाही. हे सगळं ती अगदी साध्या आवाजात, भाजीवाल्याशी बोलावं तसं. त्या माणसानं हात खाली घेतला. मग बाजूची एक म्हातारी, परळची निघाली, तिचा नवरा पण मिलमध्ये, मग कुठली मिल, कुठलं खातं, संपानंतर काय केलं, गावी गेलात की राहिलात, असं दोघींचं वीस मिनिटं चाललं, वाघाकडे पाठ करून. वाघ झोपलेलाच.

मला आठवलं रे, दुपारी आपण तुमच्या गॅलरीत पत्ते खेळायचो ते का. बाबा झोपलेत म्हणून. मला तेव्हा वाटायचं तुझ्या आईला आपण आवडतो.

आणि आपली चौथीची सहल आठवते? संपाच्या आदल्या वर्षीची. माकडानं जाळीतून हात घालून तुझी चपाती-भाजीची गुंडाळी ओढून नेली आणि तू रडलास, आणि बाईंनी माझ्या डब्यातलं अर्धं तुला द्यायला लावलं. ते अर्धं अजून वसूल व्हायचंय.

मगर बघितली, तरस लांबून बघितलं, पक्ष्यांच्या त्या मोठ्या जाळीत आत जाता येतं ते चिऊला आवडलं, पण तोवर आई दमली होती. म्हणून भाऊ दाजी लाड म्युझियमच्या बाजूला आलो. तिथला दगडी हत्ती तुला माहितीय, घारापुरीचा, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला निघाले तर उचलतानाच तुटला, मग तुकडे इथं आणून 1914 मध्ये जोडला. चिऊनं विचारलं हा का उठत नाहीये, तर आईच म्हणाली, ह्याची पण रात्रपाळी. काळ्या घोड्याचा पुतळा पण इथंच आहे, वरच्या राजासकट, 1965 ला फोर्टातून हलवलेला. एक बाप पोराला सांगत होता, "हे शिवाजी महाराज नाहीत, हा दुसरा कोणतरी." एवढ्यावर सातव्या एडवर्डचं काम झालं.

झाडांकडे कुणी बघत नाही याचं मात्र मला वाईट वाटतं. मुळात 1862 ला उघडली ती बागच, प्राणी मागाहून आले. गोरखचिंचेचा तो भलामोठा बुंधा, त्याला टेकून लोक चिप्स खात होते. आईनं कैलासपतीचं एक पडलेलं फूल उचललं, नागाच्या फणीखाली पिंड असते ना तसलं, आणि रुमालात बांधून आणलंय. आत्ता देव्हाऱ्यात आहे, सगळ्या खोलीला वास येतोय.

दिवाळीत येतोयस ना? आपण दोघंच जाऊ, चिऊला नको, ती पाणघोड्यापुढून हलत नाही. डबा तू आणायचा. आणि बुधवारचं टिकीट काढून येऊ नकोस, बुधवारी बाग बंद असते.

तुझा,
पक्या